सातबाऱ्यातील ‘सात’ आणि ‘बारा’ : धारणी तालुक्याच्या संदर्भात शेतकरी अनुदान योजनांची समीक्षा

प्रास्ताविक

शेतकऱ्याला शासनाने रोख मदत द्यावी की देऊ नये, हा वाद आपल्याकडे जवळपास मिटला आहे. सत्तेवर कोणताही पक्ष असो, मदत दिली जाते; फरक पडतो तो रकमेचा आणि योजनेच्या नावाचा. त्यामुळे या विषयावरील बहुतेक लेखन ‘किती दिले’ आणि ‘कधी दिले’ या दोन प्रश्नांभोवती फिरते. ‘कोणाला दिले’ हा तिसरा प्रश्न मात्र सुटलेलाच आहे असे गृहीत धरले जाते. शेतकऱ्याला दिले, हे त्याचे ठरलेले उत्तर. प्रस्तुत लेखात या उत्तराचीच चिकित्सा करावयाची आहे.

या चिकित्सेसाठी अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्याचा आधार घेतला आहे. वऱ्हाडाचा सपाट, काळ्या मातीचा, कपाशीचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून आखलेली योजना जेव्हा सातपुड्याच्या डोंगरात जाते, तेव्हा तिची गृहीते उघडी पडतात. मैदानी भागात जी त्रुटी अपवाद म्हणून दुर्लक्षिली जाते, ती धारणीत नियमासारखी दिसते. म्हणूनच हा तालुका योजनांची कसोटी पाहण्यास योग्य आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : आपल्या अनुदान योजना सातबाऱ्यातील ‘सात’ वाचतात, ‘बारा’ वाचत नाहीत. गाव नमुना सात हा जमीन कोणाच्या नावे आहे ते सांगतो. गाव नमुना बारा हा त्या जमिनीत काय पिकते ते सांगतो. पहिला हक्काचा कागद आहे, दुसरा कष्टाचा. मदत कष्टाच्या नावाने जाहीर होते आणि हक्काच्या कागदावर वाटली जाते.

तालुक्याची पार्श्वभूमी

धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातील दोन तालुके. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीस जाणारा रस्ता व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ साली अस्तित्वात आला. तालुक्याच्या उत्तरेस तापी आणि पलीकडे मध्य प्रदेश. सिपना, गडगा या नद्यांच्या खोऱ्यांत जी सखल जमीन सापडते तेथे सोयाबीन, मका, तूर, कपाशी घेतली जाते. उतारावर ज्वारी, भात आणि कोदो-कुटकीसारखी भरडधान्ये. शेती मुख्यतः पावसावर. कोरकू हा येथील बहुसंख्य समाज. त्यांच्यासोबत गोंड, निहाल, गवळी, बलई आदी समाज राहतात. खरिपाची कापणी आटोपली की अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला गावी परततात.

येथील जमिनीचे कागदाच्या दृष्टीने चार प्रकार पडतात. पहिला, महसुली जमीन, जिचा सातबारा कसणाऱ्याच्याच नावे आहे. दुसरा, महसुली जमीन, जिचा सातबारा दिवंगत आजोबा-पणजोबांच्या नावे आहे आणि जी आज त्यांची मुले-नातवंडे तोंडी वाटणीने कसतात. तिसरा, वनजमीन, तिच्यापैकी काहीला वनहक्क कायदा, २००६ खाली पट्टा मिळाला आहे, तर काहीचा दावा फेटाळला गेला आहे किंवा प्रलंबित आहे. चौथा, दुसऱ्याची जमीन, जी बटईने किंवा मक्त्याने केली जाते. पेरणीच्या दिवशी या चारही प्रकारांतील माणूस सारखाच शेतकरी असतो. बियाणे त्यालाही विकत घ्यावे लागते, पाऊस त्याचाही अंत पाहतो. अनुदानाच्या दिवशी मात्र त्यांपैकी पहिला निर्विवाद शेतकरी ठरतो आणि उरलेल्यांना आपण शेतकरी असल्याचे सिद्ध करावे लागते.

योजना अनेक, गृहीत एक

गेल्या दोन दशकांतील प्रमुख योजना या दृष्टीने तपासून पाहता येतील.

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर डिसेंबर २००५ मध्ये राज्य शासनाने १,०७५ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. पाठोपाठ १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्याची विभागणी बोलकी आहे. सिंचन प्रकल्पांसाठी २,१७७ कोटी आणि थकीत कर्जावरील व्याजमाफीसाठी ७१२ कोटी, म्हणजे एकूण रकमेपैकी सुमारे ७७ टक्के रक्कम या दोन बाबींसाठी होती. पाणलोट विकास २४०, फलोत्पादन २२५, बियाणे बदल १८०, पूरक उत्पन्न १३५, सूक्ष्म सिंचन ७८ आणि संकटग्रस्त कुटुंबांस तातडीची मदत ३ कोटी, अशी उर्वरित विभागणी. व्याजमाफीचा लाभ ज्याचे बँकेत कर्जखाते आहे त्यालाच. आणि पीककर्जाचे खाते उघडण्यास सातबारा लागतो. वनसंवर्धन कायदा, १९८० मुळे वनक्षेत्रात नवे सिंचन प्रकल्प घेणे अवघड. याचा अर्थ, पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी होते त्यांत धारणी तालुका मोडत होता. परंतु पॅकेजचा मोठा भाग ज्या दोन दारांतून येणार होता, ती दोन्ही दारे येथे अरुंद होती.

२००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत हेच गृहीत अधिक ठळक झाले. दोन हेक्टरपर्यंतच्या अल्प व अत्यल्प भूधारकांस पूर्ण माफी, त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांस एकरकमी परतफेडीवर सवलत, अशी तिची रचना होती. कोरडवाहू विदर्भात पाच एकरांहून अधिक जमीन असलेला शेतकरीही गरीब असू शकतो, ही टीका त्या वेळी भरपूर झाली आणि ती रास्त होती. परंतु त्या टीकेचे लक्ष्यही खातेदारच होता. ज्याला बँकेने कधी कर्जच दिले नाही, ज्याचा व्यवहार गावच्या सावकाराशी किंवा दुकानदाराशी, त्याच्यासाठी माफी कसली? २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना यांच्या मर्यादा अनुक्रमे दीड लाख आणि दोन लाख रुपये अशा बदलल्या. पाया मात्र कर्जखात्याचाच राहिला.

२०१९ च्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीने या पायात महत्त्वाचा बदल केला, हे मान्य करावयास हवे. तीन हप्त्यांत वर्षाला ६,००० रुपये, कर्जखात्याची अट नाही, आणि रक्कम एकराच्या हिशेबाने नव्हे तर कुटुंबाच्या हिशेबाने. त्यामुळे पन्नास एकरवाल्यास आणि दोन एकरवाल्यास सारखेच मिळते. सुरुवातीची दोन हेक्टरची मर्यादा जून २०१९ पासून काढून टाकण्यात आली. २०२३ मध्ये राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीने आणखी ६,००० रुपयांची भर घातली. दोन्ही मिळून वर्षाचे १२,००० रुपये होतात, म्हणजे कुटुंबामागे दिवसाला सुमारे ३३ रुपये. ही रक्कम अल्प आहे हे खरे. पण बियाणे आणायच्या आठवड्यात हातात पडलेले दोन हजार रुपये सावकाराकडची एक फेरी वाचवू शकतात. म्हणूनच ते कोणाच्या हातात पडतात हा प्रश्न गौण नाही.

आणि येथेच जुने गृहीत नव्या रूपाने परत येते. लाभार्थी म्हणजे १ फेब्रुवारी २०१९ रोजी भूमी अभिलेखात ज्याचे नाव आहे ते कुटुंब. बटईदार आणि मक्तेदार योजनेबाहेर. आधार जोडणी, ई-केवायसी आणि भूमी अभिलेखांशी पडताळणी या अटी टप्प्याटप्प्याने आल्या. मे २०२२ च्या अकराव्या हप्त्याचे लाभार्थी देशभरात दहा कोटींहून अधिक होते; ऑक्टोबर २०२२ च्या बाराव्या हप्त्यात ते आठ कोटींच्या आसपास आले. गळालेल्यांत अपात्र किती आणि केवळ कागद अपुरा असलेले किती, हे या बेरजेवरून कळत नाही. शासनाच्या दृष्टीने दोघेही सारखेच, ‘पडताळणी न झालेले’.

तीन रिकाम्या जागा

‘सात’ आणि ‘बारा’ यांतील अंतर नेमके कोठे पडते? त्याच्या तीन जागा दाखवता येतात.

पहिली जागा वारसनोंदीची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावयाची असते. एक कल्पित उदाहरण घेऊ. नऊ एकर जमीन आजोबांच्या नावे आहे. तिघे नातू तीन-तीन एकर कसतात. फेरफार झाला असता तर संयुक्त खात्यातील प्रत्येक पात्र कुटुंबास स्वतंत्र लाभ, म्हणजे तिघांस मिळून केंद्राचे वर्षाला १८,००० रुपये. फेरफार न झाल्यास तिघांस मिळून शून्य. जमीन तीच, पीक तेच, कष्ट तेच. कोरकू भाषा बोलणारा, वर्षातले काही महिने गावाबाहेर असणारा माणूस मराठीतील अर्ज घेऊन तलाठी कार्यालयाच्या खेपा घालू शकत नाही, हे समजण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. त्यास ‘उदासीन’ म्हणणे सोपे आहे. परंतु नोंद नसल्याने आजवर त्याचे काही अडले नव्हते, कारण गावाला जमीन कोणाची हे ठाऊक होते. अडले ते पैसा कागदावरून येऊ लागला तेव्हा.

दुसरी जागा स्त्रीची. निंदणी, खुरपणी, कापणी, बियाणे राखून ठेवणे ही कामे कोण करते हे सांगण्याची गरज नाही. तथापि २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. योजना ‘कुटुंबास’ लाभ देते, पण कुटुंबाचा अर्थ व्यवहारात खातेदार पुरुषाचे बँक खाते असा होतो. या बाबतीत वनहक्क कायदा सातबाऱ्याच्या पुढे आहे. त्याच्या कलम ४ नुसार विवाहितांच्या बाबतीत पट्टा पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावे नोंदला जातो. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमानंतर राज्य शासनाने १९९२ मध्ये पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली होती. ती ऐच्छिक राहिली आणि ऐच्छिक गोष्टींचे आपल्याकडे जे होते तेच तिचे झाले.

तिसरी जागा वनजमीन आणि बटई यांची. वनहक्क पट्टाधारकांना सन्मान निधीच्या कक्षेत घेण्यात आले, हे स्वागतार्ह आहे. परंतु ज्यांचा दावा फेटाळला गेला त्यांचे काय? या संदर्भात फेब्रुवारी २०१९ हा महिना आठवणीत ठेवण्यासारखा आहे. १३ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्यांच्या धारकांना वनजमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला. २४ तारखेला सन्मान निधीचा प्रारंभ झाला. २८ तारखेला न्यायालयाने आपल्या आदेशास स्थगिती दिली. एकाच महिन्यात कागद असलेल्या शेतकऱ्यास शासनाने सन्मान दिला आणि कागद नसलेल्या शेतकऱ्यास आपण शेतात राहू की नाही हे पंधरा दिवस ठाऊक नव्हते.

बटईदाराची गोष्ट वेगळी. त्याची नोंद होत नाही, याला कायद्याचेच कारण आहे. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळकायद्यामुळे नोंद झाली की कुळाचा हक्क लागेल, ही धास्ती मालकास असते. आदिवासींच्या जमिनीबाबत संहितेच्या कलम ३६-अ नुसार परवानगीशिवाय बिगर-आदिवासीस हस्तांतरण करता येत नाही. त्यामुळे असे व्यवहार झालेच तर ते तोंडी होतात. ज्या कायद्यांनी दुर्बलाचे रक्षण करावयाचे, त्यांच्याच भीतीने दुर्बलाचे नाव कागदावर येत नाही. हे कायदे चुकीचे आहेत असा याचा अर्थ नव्हे. पण अनुदान वाटताना या परिणामाकडे डोळेझाक करून चालणार नाही.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. आपल्या महसुली परंपरेला मालक आणि कसणारा यांतील फरक मुळीच अपरिचित नव्हता. जुन्या हस्तलिखित गाव नमुना बारामध्ये प्रत्यक्ष जमीन करणाऱ्याच्या नावासाठी रकाना असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली; पीक आता शेतकरी स्वतः मोबाईलवरून नोंदवू शकतो. मात्र ही नोंदही खातेदाराच्या खात्याखालीच होते. साधन नवे आले, प्रश्न जुनाच राहिला.

संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेता येतील.

पहिला असा की, शासनाला कोणता ना कोणता कागद मानावाच लागेल. अन्यथा बनावट लाभार्थ्यांचा सुळसुळाट होईल. हा आक्षेप निम्मा खरा आहे. कागद हवाच. परंतु कागद असला म्हणजे अचूकता येते, हे खरे नाही. २००८ च्या कर्जमाफीवरील नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१३ मध्ये संसदेत मांडला गेला. तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २२.३२ टक्के खात्यांत त्रुटी आढळल्या. कर्ज घेऊनही यादीत नसलेल्या ज्या ९,३३४ खात्यांची तपासणी झाली, त्यांतील १,२५७, म्हणजे १३.४६ टक्के, पात्र असूनही वगळलेले होते. चूक दोन्ही बाजूंनी होते : अपात्रास मिळते आणि पात्राचे हुकते. आपली सारी पडताळणी पहिल्या चुकीसाठी आहे. दुसऱ्या चुकीचा शोध घेणारी यंत्रणा जवळपास नाहीच, कारण जो यादीत नाही त्याची फाईलही नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पैसा बटईदारास द्यावयाचा ठरल्यास मालक त्याला काढून टाकेल किंवा तेवढी रक्कम मक्त्यात वाढवून घेईल. ही शक्यता खरी आहे. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानंतर शेतजमिनीच्या जुन्या क्षेत्राशी निगडित ठराविक रकमा दिल्या जात. पेरणी केली नाही तरी त्या मिळत आणि जमिनीच्या भाड्यात त्यांचा अंश मुरतो ही टीका सातत्याने होत राहिली. २०१४ च्या कायद्याने त्या बंद केल्या. युरोपीय संघास २०१३ च्या सुधारणेत ‘सक्रिय शेतकरी’ ही अट घालावी लागली, कारण विमानतळ आणि क्रीडांगणे चालविणाऱ्या संस्थाही जमिनीच्या बळावर अनुदानास पात्र ठरत होत्या. तात्पर्य, जमिनीला पैसा आणि माणसाला पैसा यांतील गोंधळ श्रीमंत देशांनाही चुकलेला नाही. पण तो गोंधळ आहे हे त्यांनी कायद्यात मान्य केले.

देशांतर्गत उदाहरणेही दोन दिशा दाखवितात. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू योजना एकराच्या हिशेबाने सुरू केली; मोठ्या जमीनधारकास अधिक आणि कुळास काही नाही. त्याच वर्षाअखेरीस जाहीर झालेल्या ओडिशाच्या कालिया योजनेने भूमिहीन शेतमजूर कुटुंबांस शेळीपालन, कुक्कुटपालन आदी उपजीविकेसाठी १२,५०० रुपयांच्या मदतीची तरतूद केली. आपल्या राज्यातही उदाहरण आहे. २०२० मध्ये मंजूर झालेल्या खावटी अनुदान योजनेत आदिवासी कुटुंबास ४,००० रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपात, देण्याचे ठरले. पात्रता ठरविताना रोजगार हमीवरील मजूर, वनहक्क पट्टाधारक, विधवा, परित्यक्ता, भूमिहीन यांचा विचार झाला. टाळेबंदीतील ही मदत २०२१ मध्ये पोहोचली, हा तिचा दोष. पण सातबारा न मागताही गरजवंत ओळखता येतो, एवढे तिने सिद्ध केले.

काय करता येईल

मोठ्या धोरणबदलाची वाट न पाहता करण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

एक, वारसनोंदी. १ मार्च २०२५ पासून बुलडाणा जिल्ह्यात आणि १ एप्रिलपासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबविण्यात आली. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हा तिचा हेतू. वऱ्हाडाने सुरुवात केलेल्या या मोहिमेची खरी कसोटी मेळघाटात आहे. येथे ती ठराविक आठवड्यांत उरकून चालणार नाही. स्थलांतरित कुटुंबे गावी असतात त्या होळीच्या काळात आणि कोरकू जाणणाऱ्या व्यक्तीच्या मदतीने ती दरवर्षी घ्यावी लागेल.

दोन, वारस लावतानाच पत्नीचे आणि मुलींचे नाव तपासणे. फेरफार होत असतानाच ही नोंद केली तर वेगळ्या योजनेची गरज पडणार नाही.

तीन, वगळलेल्यांची यादी. लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीत लागते. त्याच भिंतीवर अर्ज नामंजूर किंवा हप्ता थांबलेल्यांची यादी कारणासह लागली पाहिजे. ग्रामसभेत ती वाचली गेली तर कोणती कारणे खरी आणि कोणती केवळ कागदी, हे गावकरी एका संध्याकाळी सांगू शकतील.

या कामात महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. सातबाऱ्याचे चावडी वाचन ही आपल्या महसूल प्रशासनातील परिचित पद्धत आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरात रस्ता झाडण्याऐवजी एका गावाचे सातबारे वाचून, कसणारा कोण आणि नोंदलेला कोण, अशी साधी दोन रकान्यांची सूची तयार केली, तर ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास भूमी अभिलेख शिकवील आणि गावास उपयोगी पडेल. कोरकू कुटुंबांतील विद्यार्थी आता आपल्या वर्गात आहेत. या सूचीचे लेखक तेच होऊ शकतात.

समारोप

अनुदानाची रक्कम वाढवावी की नाही, हा प्रश्न अर्थसंकल्पाचा आहे. ते कोणास मिळावे, हा प्रश्न न्यायाचा आहे; आणि धारणीसारख्या तालुक्यात तो अगोदर सोडवावा लागतो. अन्यथा रक्कम दुप्पट केली तरी ज्याला शून्य मिळते त्याचे शून्यच राहते, आणि शेजाऱ्याच्या बारा हजारांचे चोवीस होतात. अशा वेळी अनुदान विषमता कमी न करता ती वाढविते.

आपल्या पूर्वसुरींनी गावाच्या एकाच कागदावर मालकी आणि पीक एकत्र लिहिले आणि त्या कागदाला ‘सातबारा’ असे जोडनाव दिले. दोन्ही नमुने एकत्र वाचल्याखेरीज शेतीचे चित्र पूर्ण होत नाही, हे त्या नावातच आहे. योजना आखणाऱ्यांनी आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्या आपण सर्वांनी कागदाचा वरचा अर्धा भाग पुष्कळ वाचला. आता खालचा अर्धा भाग वाचावयास हवा.